जखम बुजवू नका

टायगर १३१ या जर्मन रणगाड्याच्या तोफेला नळीच्या खालच्या बाजूने एक खोल ओरखडा आहे. ब्रिटिश चर्चिल रणगाड्याच्या तोफेतून सुटलेला ५७ मिलिमीटर जाडीचा भरीव पोलादी गोळा तिथे घासला आणि उसळी घेऊन खाली, बुरूज ज्या कड्यावर फिरतो त्या कड्यात जाऊन रुतला. बुरूज जागच्या जागी अडकला. चालक आणि त्याच्या शेजारी बसणारा मशीनगनवाला जखमी झाले, रेडिओ फुटला. आणखी एक गोळा बुरूज क्रेनने उचलण्यासाठी ठेवलेल्या खुंटावर आदळला आणि तोफ वर-खाली करणारी यंत्रणा निकामी झाली. तिसरा लोडरच्या झाकणाला लागला, त्याचे तुकडे आत शिरले. आतल्या पाचही जणांनी रणगाडा सोडून दिला. रणगाडा सोडताना स्फोटकं लावून उडवून द्यायचा, असा सैन्यातला दंडक. तो त्या दिवशी पाळला गेला नाही.

एप्रिल १९४३ मधली, ट्युनिशियातल्या मेजेझ-एल-बाब गावाच्या आसपासच्या टेकड्यांमधली ही घटना. हा रणगाडा आज इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यात, बोव्हिंग्टनच्या टँक म्युझियममध्ये आहे आणि तो स्वतःच्या इंजिनावर चालतो. १९९० मध्ये त्याचा नट अन् नट सुटा करायला सुरुवात झाली, डिसेंबर २००३ मध्ये तो चालत्या अवस्थेत संग्रहालयात परतला. या तेरा वर्षांत असंख्य भाग साफ झाले, बदलले, नव्याने घडवले गेले. गोळ्यांच्या खुणा मात्र कुणी भरल्या नाहीत. वेल्डिंग करून, घासून, रंग लावून त्या दिसेनाशा करणं अवघड नव्हतं. तसं केलं असतं, तर या रणगाड्याचा खरा इतिहास पुढे हाती लागायला जड गेलं असतं. जुनं लढाऊ वाहन दुरुस्त करणं आणि त्याचा इतिहास शोधणं ही एकच कामगिरी आहे, आणि पहिल्या कामातल्या घाईने दुसऱ्या कामाचा पुरावा नष्ट होऊ शकतो, हे सांगण्यासाठी या रणगाड्याइतकं चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

कासेल ते डॉर्सेट

टायगर १३१ जर्मनीत कासेल शहरातल्या हेन्शेल कारखान्यात फेब्रुवारी १९४३ मध्ये तयार झाला. त्याचा चासी क्रमांक २५०१२२. ऑगस्ट १९४२ ते ऑगस्ट १९४४ या दोन वर्षांत असे तेराशेहून थोडे जास्त टायगर बनले. आज जगात उरलेले हाताच्या बोटांवर मोजता येतील. या कारखान्यात युद्धकाळात सक्तीने आणलेल्या परदेशी मजुरांकडूनही काम करून घेतलं जात होतं. टायगरच्या अभियांत्रिकीचं कौतुक करताना ही गोष्ट त्याच दमात सांगायला हवी.

अभियांत्रिकी म्हणून तो असामान्य होता, यात वाद नाही. वजन ५७ टन. समोरचं कवच १०० मिलिमीटर जाड, तोफ ८८ मिलिमीटरची. एवढं ओझं मऊ जमिनीत रुतू नये म्हणून ७२५ मिलिमीटर रुंदीच्या साखळ्या. या साखळ्यांसकट तो रेल्वेच्या वाघिणीवर मावत नसे. मग प्रवासापुरत्या ५२० मिलिमीटरच्या अरुंद साखळ्या चढवायच्या, बाहेरच्या रांगेतली चाकं काढून ठेवायची आणि उतरल्यावर सगळं पुन्हा जोडायचं. एवढ्या वजनाचा रणगाडा चालवायला मात्र गोल स्टिअरिंग व्हील होतं. आठ पुढचे गिअर, प्रत्येक गिअरमध्ये वळण्याच्या दोन त्रिज्या. वळताना दोन्ही साखळ्यांकडे ताकद जात राहील अशी ही रचना, आणि ब्रिटिशांच्या चर्चिलमधला मेरिट-ब्राउन गिअरबॉक्सही त्याच तत्त्वावर चालणारा. त्या टेकड्यांवर एकमेकांवर गोळे झाडणारी दोन यंत्रं पोटातून इतकी जवळची होती.

मार्च-एप्रिल १९४३ मध्ये समुद्र ओलांडून हा रणगाडा ट्युनिशियात पोचला आणि ५०४ व्या जड रणगाडा बटालियनमध्ये दाखल झाला. बुरुजावरचा लाल, पांढऱ्या कडेचा १३१ आकडा म्हणजे पहिली कंपनी, तिसरी तुकडी, पहिला रणगाडा. त्याचं लढाऊ आयुष्य काही आठवड्यांतच संपलं. ब्रिटिशांनी इतर टायगरांचे सुटे भाग वापरून तो चालता केला. जूनमध्ये ट्युनिसजवळ राजे सहावे जॉर्ज आणि पंतप्रधान चर्चिल यांनी तो पाहिला. ऑक्टोबरमध्ये तो इंग्लंडला गेला, लंडनच्या हॉर्स गार्ड्स परेडवर लोकांना दाखवला गेला आणि मग अभ्यासासाठी तंत्रज्ञांच्या ताब्यात गेला. कवचाचे, वेल्डिंगचे, गिअरबॉक्सचे तपशीलवार अहवाल लिहिले गेले. २५ सप्टेंबर १९५१ रोजी तो बोव्हिंग्टनच्या संग्रहालयाकडे सोपवण्यात आला.

या प्रवासात महाराष्ट्रातल्या वाचकाला ओळखीचं एक वळण आहे. टायगर १३१ हाती लागल्यावर दोन आठवड्यांच्या आत, ६ मे १९४३ रोजी, मेजेझच्या त्याच खोऱ्यातून ट्युनिसच्या रोखाने शेवटची चढाई झाली, आणि त्या चढाईच्या आघाडीवर चौथी भारतीय डिव्हिजन होती. १२ मे रोजी जर्मन सेनापती फॉन आर्निम याच डिव्हिजनच्या हाती आला. या रणगाड्याच्या इतिहासाच्या कडेला भारतीय शिपाईही उभा आहे.

सुटे करण्याची शिस्त

साखळीवर चालणारं जुनं वाहन दुरुस्त करणं आणि जुनी मोटार दुरुस्त करणं यात मोठा फरक आहे. मोटारीचं चाक एका जॅकवर निघतं. टायगरला प्रत्येक बाजूला आठ आस, आणि प्रत्येक आसावर तीन चाकं. म्हणजे एका बाजूला चोवीस, दोन्ही मिळून अठ्ठेचाळीस. ही चाकं एकमेकांत घुसवलेली आहेत. आतल्या रांगेतलं एक चाक काढायचं, तर त्याच्या पुढची-मागची अनेक चाकं आधी काढावी लागतात. रशियात थंडीच्या रात्री याच चाकांमध्ये चिखल गोठून बसायचा. या रचनेमुळे वजन सारखं वाटलं जाई आणि आतल्या माणसांना कमी धक्के बसत, पण फिटरचे हाल कुत्रं खात नसे.

प्रत्येक आस पोलादी टॉर्शन बारवर टेकलेला असतो. हा बार वाहनाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवा जातो आणि पिळला जाऊन धक्का झेलतो. वर्षानुवर्षं एकाच दिशेने पिळ सोसायची सवय झालेला डावा बार उजवीकडे बसवला, तर तो तुटू शकतो. म्हणून वाहन सुटं करताना पहिलं साहित्य लागतं ते पाना नव्हे, तर बिल्ले, खडू आणि कॅमेरा. कुठला भाग कुठून निघाला, कुठल्या क्रमाने निघाला, त्यावर काय कोरलं होतं, हे आधी नोंदवायचं, मगच तो तेलाच्या टाकीत टाकायचा. गंजून एकजीव झालेला बोल्ट जोर लावून तोडता येतो, पण त्याच्याबरोबर आटेही जातात. त्याला तापवायचं, तेल पाजायचं, थांबायचं, पुन्हा तापवायचं. साखळीच्या कड्या जोडणाऱ्या पिना झिजल्या की साखळी लांबते आणि सैल पडते. मग पिना बदलायच्या, नाहीतर एखादी कडी कमी करायची. चाकांवरचं रबर काळानुसार कडक होऊन तडकतं, ते नव्याने चढवून घ्यावं लागतं. यातलं काहीही दुकानात मिळत नाही. नकाशे नसतील तर जुन्या भागाची मापं घेऊन नवा घडवावा लागतो.

आणि हे करत असताना वाहन बोलत असतं. पोलादावर ओतकामाचे आकडे असतात, तपासनिसाचे शिक्के असतात. बिजागरीच्या मागे, पट्टीच्या खाली, जिथे ऊन-पाऊस पोचला नाही तिथे कारखान्यातला पहिला रंग टिकून असतो. रंगाचे थर एकेक करून काळजीपूर्वक खरवडले, तर वाहन कुठकुठल्या सैन्यात आणि कुठकुठल्या हवामानात फिरलं ते कळतं. अशा वाहनावर पहिल्याच दिवशी वाळूचा फवारा मारून ते चकचकीत केलं, तर हे सगळं काही तासांत पुसलं जातं. गंज जातो, त्याबरोबर चरित्रही जातं.

बोव्हिंग्टनमध्ये हे काम संग्रहालयाने ब्रिटिश सैन्याच्या दुरुस्ती संघटनेबरोबर मिळून केलं. त्यातला सर्वांत अवघड निर्णय इंजिनाचा होता. टायगर १३१ चं मूळ मायबाख एचएल २१० इंजिन आतली रचना दिसावी म्हणून कापून उघडं केलेलं होतं, ते पुन्हा चालणं शक्य नव्हतं. संग्रहालयाकडच्या दुसऱ्या रणगाड्याचं, टायगर-२ चं, मायबाख एचएल २३० इंजिन काढून यात बसवण्यात आलं. पहिलं २१ लिटरचं, दुसरं २३ लिटरचं. दोन्ही बारा सिलिंडरांची, एकाच घराण्यातली. पहिल्या अडीचशे टायगरांनंतर हेन्शेलनेच पुढच्या टायगरांत एचएल २३० बसवायला सुरुवात केली होती, त्यामुळे हा बदल रणगाड्याच्या वंशावळीला धरून होता. दुसरी लक्षणीय भर म्हणजे इंजिनाच्या खोलीतली आधुनिक आगविरोधक यंत्रणा. दोन्ही बदल उघडपणे नोंदवलेले आहेत, आणि त्याला फार महत्त्व आहे. बदल करणं हा गुन्हा नाही, बदल लपवणं हा आहे. पुढे २०१२ मध्ये मूळ काळाला साजेशा रंगात तो रंगवला गेला, तेव्हा कुठे हे काम पुरं झालं.

चालतं केलेलं वाहन चालवावं की नाही, हा जगभरच्या संग्रहालयांतला जुना वाद आहे. चालवलं की मूळ धातू झिजतो, आणि तो पुन्हा मिळत नाही. न चालवलं तर सील सुकतात, तेल साकळतं, आणि ते चालवायला शिकलेली माणसं निवृत्त होतात. बोव्हिंग्टनने मधला मार्ग काढला आहे. वर्षातले मोजके दिवस, थोडंसं अंतर, जपून. मला हा मार्ग पटतो. ५७ टनांचं यंत्र जमीन हादरवत समोरून जातं, तेव्हा दुर्बिणीतून ते येताना पाहणाऱ्या एकोणीस-वीस वर्षांच्या शिपायाच्या पोटात काय झालं असेल, याची कल्पना येते. कुठल्याही फलकावरचा मजकूर ती देऊ शकत नाही.

दिवस चुकला, टेकडी चुकली

अनेक वर्षं सांगितली जाणारी हकिकत अशी होती. २१ एप्रिल १९४३ रोजी जेबेल जाफा या डोंगराजवळ ४८ व्या रॉयल टँक रेजिमेंटच्या चर्चिल रणगाड्यांशी टायगर १३१ ची गाठ पडली आणि तिथेच तो हाती आला. या हकिकतीला पाठबळही चांगलं होतं. त्या दिवशी त्या भागात खरोखर लढाई झाली होती. त्या रेजिमेंटचे तरुण अधिकारी पीटर गजिन यांचा चर्चिल त्या लढाईत टायगरच्या गोळ्याने निकामी झाला. ते बचावले आणि पुढे इंग्लंडमध्ये टायगर १३१ वरच्या तांत्रिक अहवालाच्या कामात सहभागी झाले. ज्याने आपला रणगाडा फोडला त्याच्याच पोटात शिरून त्याचा अभ्यास करणारा अधिकारी! कथा इतकी जुळून आलेली होती की तिच्यावर शंका घ्यायचं कुणाला कारण नव्हतं.

मग साधारण २०१२ च्या सुमारास एक पाहुणा संग्रहालयात आला. त्याचे वडील शेरवुड फॉरेस्टर्स रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनमध्ये पायदळाचे शिपाई होते. २४ एप्रिल १९४३ रोजी गेरियात एल अताश या ठिकाणी, नकाशावर 'पॉइंट १७४' म्हणून दाखवलेल्या टेकडीवर ते लढले होते. फॉरेस्टर्सनी ती टेकडी घेतली, जर्मनांनी रणगाडे घेऊन उलट हल्ला चढवला, त्यात एक टायगर आला, त्याला गोळे लागले आणि आतली माणसं तो सोडून गेली, असं वडिलांनी मुलाला सांगितलं होतं. मुलाने टायगर १३१ च्या अंगावरचे घाव पाहिले. वडिलांच्या तोंडून ऐकलेलं वर्णन आणि समोरचं पोलाद एकमेकांशी जुळत होतं.

एका मुलाची आठवण म्हणून हे सोडून देता आलं असतं. पण बटालियनच्या युद्धदैनंदिन्या, त्या दिवसांतली छायाचित्रं, टेकड्यांची ठेवण, सैनिकांची कथनं असं सगळं एकत्र ठेवून तपासलं गेलं आणि संग्रहालयाने जुनी हकिकत बदलली. स्थळ गेरियात एल अताश, तारीख २४ एप्रिल. याच सुमारास एका पुस्तकाने वेगळाच दावा केला होता. पंतप्रधान चर्चिल यांच्या हुकमावरून मेजर लिडरडेल या अभियंत्याने मुद्दाम सापळा लावून हा टायगर पकडला, असं त्यात म्हटलं होतं. रणगाडा दुरुस्त करून इंग्लंडला पोचवण्यात लिडरडेल यांचा वाटा खरा होता, तो मोठाही होता. पण धाडसी सापळ्याची ती कथा कागदपत्रांच्या कसोटीला उतरत नाही, अशी संग्रहालयाची भूमिका राहिली.

तीन दिवसांचा आणि एका टेकडीचा फरक. एवढ्यासाठी इतका खटाटोप कशाला, असं कुणी विचारेल. पॉइंट १७४ वर फॉरेस्टर्सची पोरं मेली. साठ-सत्तर वर्षं त्यांच्या लढाईतला हा विजय दुसऱ्या डोंगराच्या नावावर नोंदला गेला होता. इतिहासात तीन दिवस सरकले की माणसांचा आख्खा गट कथेबाहेर पडतो. ती माणसं परत आत आली ती तीन गोष्टींमुळे. बापाने सांगितलं, मुलाने लक्षात ठेवलं, आणि दुरुस्त करणाऱ्यांनी घाव तसेच ठेवले. यातली एक जरी गळली असती, तरी जुळणी झाली नसती.

अहिल्यानगरचं आपलं पोलाद

असं पोलाद पाहायला मराठी माणसाला डॉर्सेटला जायची गरज नाही. अहिल्यानगरला, म्हणजे जुन्या अहमदनगरला, लष्कराच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने १९९४ मध्ये उभं केलेलं कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. सहलीच्या बसमधून शाळकरी मुलं येतात, रणगाड्यांसमोर फोटो काढतात, ऊन चढायच्या आत परततात. थोडं थांबून पाहणाऱ्याला इथे फार काही मिळतं. पहिल्या महायुद्धाच्या पिढीतली रोल्स-रॉइस चिलखती मोटार, व्हॅलेंटाइन, माटिल्डा, सेंच्युरियन, जपानी हा-गो आणि ची-हा. टायगर १३१ ला थोपवणाऱ्या घराण्यातला एक चर्चिलही आहे. गोळ्यांनी चाळण झालेली एक जर्मन ८८ मिलिमीटर तोफ आहे. टायगरची तोफ याच जातीची. तिच्यावरची छिद्रं कुणी बुजवलेली नाहीत, हे पाहून फार बरं वाटतं.

आणि याच गावात, आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये, 'फामागुस्ता' आहे. १७ पूना हॉर्स रेजिमेंटचा, जेएक्स २०२ क्रमांकाचा सेंच्युरियन रणगाडा. १६ डिसेंबर १९७१ रोजी शकरगड भागात बसंतर नदीजवळच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल या रणगाड्यातून लढले. वय एकवीस. रणगाड्याला आग लागली, मागे फिरण्याचा हुकूम आला, तरी तोफ अजून चालते आहे म्हणून त्यांनी रणगाडा सोडला नाही. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. पूना हॉर्सची मुळं १८१७ मध्ये पुण्याच्या तहानंतर उभ्या केलेल्या घोडदळात आहेत. या रणगाड्याशी आपलं नातं त्यामुळे भूगोलाच्याही पलीकडचं आहे. फामागुस्ता दुरुस्त करून जपला गेला.

त्याचा इतिहास पूर्ण व्हायला मात्र सीमेपलीकडचा माणूस लागला. अरुण यांचे वडील, निवृत्त ब्रिगेडियर मदनलाल खेत्रपाल, २००१ मध्ये पाकिस्तानात गेले. त्यांचा पाहुणचार करणारे ब्रिगेडियर ख्वाजा महंमद नासेर हे त्या लढाईत पाकिस्तानच्या १३ लान्सर्समध्ये होते. त्यांनी स्वतः होऊन त्या बापाला सांगितलं, की तुमचा मुलगा माझ्या हातून गेला, आणि त्याच्यासारखा शूर मी पाहिला नाही. रणगाड्याच्या अंगावर लागलेला गोळा कुणाचा, याचं उत्तर बहुतेक वेळा आपल्या दप्तरात नसतंच. ते समोरच्या बाजूच्या दप्तरात, समोरच्या माणसाच्या आठवणीत असतं. टायगरच्या बाबतीत तेच, फामागुस्ताच्या बाबतीत तेच.

चौकातला रणगाडा

महाराष्ट्रात कितीतरी चौकांत, शाळा-महाविद्यालयांच्या आवारांत, छावण्यांच्या दारांत निवृत्त रणगाडे आणि तोफा चौथऱ्यांवर उभ्या आहेत. स्वातंत्र्यदिन, प्रजासत्ताकदिन जवळ आला की त्यांना रंगाचा नवा हात मिळतो. भावना चांगली असते. पण वर्षानुवर्षं एकावर एक हिरवे थर चढत जातात आणि त्यांच्याखाली चासी क्रमांक, कारखान्याचे शिक्के, रेजिमेंटची चिन्हं, दुरुस्तीच्या आणि माराच्या खुणा झाकल्या जातात. फलकावर फक्त 'रणगाडा' आणि उद्घाटकाचं नाव राहतं. हा कुठे लढला, की कधी लढलाच नाही, कुणी चालवला, कुठल्या बेसवर याचं इंजिन उतरवलं, याचा पत्ता नसतो. हळूहळू त्या यंत्राचं शोभेच्या वस्तूत रूपांतर होतं. शोभेच्या वस्तूकडून कुणी काही शिकत नाही. आपण मुंबईत जुन्या विक्रांतचं काय होऊ दिलं ते आठवा. २०१२ पर्यंत संग्रहालय म्हणून उभी असलेली ती युद्धनौका शेवटी भंगारात तोडली गेली.

यावरचा उपाय खर्चिक नाही. रंगवण्याआधी एक दिवस थांबून वाहनाची सर्व बाजूंनी छायाचित्रं घ्यावीत, क्रमांक शोधून वहीत लिहावेत, जुने थर जिथे उघडे दिसतात तिथे ते नोंदवावेत, आणि खड्डा, ओरखडा, छिद्र काहीही लुकण भरून बुजवू नये. गावातले इतिहासाचे शिक्षक आणि एखादा कसबी फिटर एवढ्यांनी मिळून हे काम होऊ शकतं. दुसरं काम याहून निकडीचं आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगर इथल्या खेड्यापाड्यांत १९६५ आणि १९७१ ला रणगाड्यांत बसलेले, रणगाडे दुरुस्त केलेले निवृत्त जवान आहेत. आता ते ऐंशीच्या आसपास किंवा त्यापुढे आहेत. कुठल्या टेकडीवर, कुठल्या तारखेला, कुठल्या बाजूने गोळा आला, हे त्यांना विचारून लिहून घ्यायचं काम त्यांच्या नातवंडांनी याच दिवाळीच्या सुट्टीत सुरू करावं. शेरवुड फॉरेस्टर्सच्या त्या शिपायाच्या मुलाने यापेक्षा वेगळं काही केलं नव्हतं.

यंत्र चालतं करायला पैसा, कारागिरी आणि वर्षं लागतात, आणि ज्यांच्याकडे ती आहेत त्यांनी ते जरूर करावं. पण त्या यंत्राचं म्हणणं खरं ठेवायला फक्त एवढंच लागतं, की त्याच्या अंगावरचं काहीही पुसायच्या आधी आपण ते वाचलेलं असावं.